शायोकाझाच्या वस्तीतले दिवस

हंगेरी हा युरोपच्या मधोमध वसलेला, समुद्रकिनारा नसलेला देश. राजधानी बुडापेस्ट. तिथल्या केलेती स्टेशनावरून रेल्वेने ईशान्येकडे निघाले की साधारण दोन तासांनी मिश्कोल्त्स हे मोठे औद्योगिक शहर लागते. तिथून पुढे शायो नदीच्या खोऱ्यात शायोकाझा नावाचे गाव आहे आणि त्या गावाच्या कडेला रोमा लोकांची वस्ती आहे. २०१४ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही चौघे धम्ममित्र स्वयंसेवक म्हणून सहा आठवडे या वस्तीजवळ राहिलो. आमच्यात दोघी शिक्षिका होत्या, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका होते आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. तिकिटाचे पैसे काही भिशीतून उभे केले, काही विहाराच्या वर्गणीतून मिळाले.

तिथे काढलेले फोटो आम्ही वर्षावासात विहाराविहारांतून दाखवले. फोटोतली मुले छातीवर हात ठेवून 'जय भीम' म्हणताना दिसतात. ते पाहून आपल्या आयाबहिणी दोनच प्रश्न विचारतात. ही माणसे कोण? आणि त्यांना बाबासाहेब कोणी सांगितले? या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि त्या सहा आठवड्यांतले काही क्षण वाचकांसमोर ठेवावेत, एवढ्यासाठीच हा लेख.

ही माणसे कोण?

रोमा लोकांना इंग्रजीत 'जिप्सी' म्हणतात. ते इजिप्तमधून आले असावेत, अशा चुकीच्या समजातून हे नाव पडले. खरे म्हणजे त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस भाषापंडितांनी त्यांची रोमानी भाषा तपासली आणि ती हिंदी, मराठी, पंजाबीच्या कुळातली असल्याचे सिद्ध केले. रोमानीत माणसाला 'मानुश' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नाख', पाण्याला 'पानी'. त्यांचे आकडेही ऐका. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपलेच. पुढे एफ्ता, ओख्तो, एन्या हे सात, आठ, नऊ ग्रीक भाषेतून आलेले आहेत आणि दहाला पुन्हा 'देश'. हे लोक कोणत्या वाटेने गेले, कुठे मुक्काम करत गेले, हे त्यांच्या आकड्यांतच नोंदले गेले आहे.

हंगेरीतले बहुतेक रोमा मात्र आज हंगेरियन भाषाच बोलतात. अठराव्या शतकात राणी मारिया तेरेसा हिने त्यांना 'नवे हंगेरियन' असे नाव दिले आणि त्यांची मुले आईबापांपासून तोडून दुसऱ्यांच्या घरी वाढवण्याचे हुकूम काढले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंप्रमाणे रोमांचाही संहार केला. पुढे साम्यवादी राजवटीत शायोच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी आणि मिश्कोल्त्स व ओझ्द इथले पोलादाचे कारखाने जोरात चालू होते. तिथे रोमा पुरुषांना अंगमेहनतीची कामे मिळत. १९८९ नंतर राजवट बदलली, खाणी आणि कारखाने बंद पडत गेले आणि सर्वांत आधी कमी केले गेले ते रोमाच. गिरणी बंद पडल्यावर घरात काय होते, हे लालबाग-परळच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २००८ आणि २००९ साली तर हंगेरीत रोमा वस्त्यांवर रात्री हल्ले झाले. त्यांत सहा माणसे मारली गेली आणि त्यांत एक लहान मूलही होते.

बाबासाहेब तिथे कसे पोहोचले?

देर्दाक तिबोर हे समाजशास्त्रज्ञ आणि ओर्शोश यानोश हे स्वतः रोमा समाजातले कार्यकर्ते. हंगेरीत आपल्यासारखे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहिण्याची रीत नाही असे कोणाला वाटेल, पण तिथे आडनावच आधी येते. हे दोघे रोमा मुलांच्या शिक्षणासाठी धडपडत होते. पुस्तकांतून त्यांना महाराष्ट्रातल्या बौद्धांच्या चळवळीची ओळख झाली. २००५ आणि २००७ साली ते महाराष्ट्रात आले. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम, आपली वसतिगृहे, आपल्या वस्त्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले गेले, त्यातून डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी कसे घडले, हे त्यांना समजून घ्यायचे होते. परत जाऊन २००७ मध्ये त्यांनी 'जय भीम नेटवर्क' स्थापन केले आणि शायोकाझात डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू झाली. पुढे तिथल्या काही रोमांनी बुद्धधम्म स्वीकारला.

त्यांचा मार्ग सोपा नव्हता. २०१२ पासून अमलात आलेल्या धर्मसंस्थांच्या कायद्याने अनेक लहान धर्मसमुदायांची सरकारी मान्यता गेली, त्यात जय भीम समुदायही होता. त्याच सुमारास सक्तीच्या शिक्षणाचे वय १८ वरून १६ वर आणले गेले. गरिबाच्या मुलाला शाळेबाहेर पडायची वाट कायद्यानेच मोकळी करून दिली.

निळा पंप

आमचा पहिला फोटो पाण्याच्या पंपाचा आहे. वस्तीत अनेक घरांत नळ नव्हता. रस्त्याच्या कडेला लोखंडी निळा पंप. त्याचा दांडा खाली दाबून धरला की पाणी येते, सोडला की थांबते. बाया आणि मुले प्लॅस्टिकचे कॅन, बादल्या घेऊन तिथे येत. आमचे काका रोज सकाळी शाळेसाठी पाणी भरायला जात. चार दिवसांत त्यांना वस्तीतले सगळे ओळखू लागले. तिथे वडीलधाऱ्या बाईला 'नेनी' म्हणतात आणि पुरुषाला 'बाची'. काका सगळ्यांचे बाची झाले.

एका नेनीने पंपापाशी आम्हाला आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. ऑगस्ट २०१३ मध्ये, कडक उन्हाच्या लाटेत, याच जिल्ह्यातल्या ओझ्द शहराच्या नगरपालिकेने रोमा वस्त्यांतले अनेक सार्वजनिक पंप बंद केले आणि काहींचे पाणी कमी केले. देशभर ओरड झाली, तेव्हा वरून हस्तक्षेप झाला आणि पाणी पुन्हा सुरू झाले. आम्ही तिला महाडच्या चवदार तळ्याची हकिगत सांगितली. शाळेतली एक मुलगी मधे बसून भाषांतर करत होती. २० मार्च १९२७ हा दिवस, बाबासाहेबांच्या मागे चालत गेलेली ती हजारो माणसे, ओंजळीतले पाणी, नंतरची मारहाण, हे सगळे नेनीने मान खाली घालून ऐकले. मग तिने विचारले, "पण पुढे पाणी मिळाले का?" आमच्या शिक्षिका म्हणाल्या, "कोर्टात खटला चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ साली आपल्या बाजूने लागला." नेनीने बोटांवर वर्षे मोजली. "दहा वर्षे," ती म्हणाली. "म्हणजे कोर्टाला सगळीकडे तेवढाच वेळ लागतो."

आम्ही तिचा फोटो मागितला. ती म्हणाली, "थांबा." घरात गेली, डोक्याचा रुमाल बदलून आली आणि पंपावर हात ठेवून ताठ उभी राहिली. फोटोबाबतचा आमचा सगळा नियम त्या एका गोष्टीत आला. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो घ्यायचा नाही आणि फोटोची पहिली प्रत त्या माणसाच्या हातात द्यायची. मोडक्या छपरांचे आणि शेंबड्या पोरांचे फोटो घेऊन जाणारे बरेच लोक तिथे येऊन गेले होते. त्यांतली एकही प्रत वस्तीत परत आली नव्हती.

चुलीवरची भाकरी

एप्रिलमध्येही तिथे सकाळी चांगलीच थंडी असते. विजेच्या खांबांवर करकोचे घरटी सावरत होते, प्लमच्या झाडांना पांढरी फुले आली होती, पण घराघरांत लाकडाची शेगडी पेटलेली असे. सरपण हा तिथे मोठा प्रश्न. दुसऱ्याच्या जंगलातले लाकूड उचलले तर चोरीचा गुन्हा लागतो. बरेच स्त्री-पुरुष अंगावर भडक रंगाची जाकिटे घालून सरकारी कामावर रस्ते झाडताना, गटारे काढताना दिसत. आपल्या रोजगार हमीसारखेच ते काम आणि मजुरी किमान वेतनापेक्षाही कमी.

त्याच शेगडीच्या लोखंडी पाट्यावर एका घरात आम्ही 'वॉकॉरो' खाल्ली. गव्हाचे पीठ, मीठ, खायचा सोडा आणि पाणी. यीस्ट घातलेला पाव विकत घेणे परवडत नव्हते, त्या दिवसांतली ही रोमांची भाकरी. हाताने थापून जाड ठेवायची, दोन्ही बाजूंनी शेकायची. आपल्या रोटाचीच बहीण म्हणा ना. आमच्या शिक्षिकेने तिथेच पदर खोचला आणि त्याच पिठाची पातळ चपाती लाटून दाखवली. लाटणे नव्हते, बाटली घेतली. घरातल्या बाईने तिची चपाती उजेडासमोर धरून पाहिली आणि हसत म्हणाली, "यातून पलीकडचे दिसते. पोट कसे भरेल?" हा फोटोही आमच्याकडे आहे. दोघींच्या हातांना पीठ लागले आहे आणि दोघी हसत आहेत.

बाकावरची आई

शाळेत आम्ही इंग्रजी आणि गणिताला मदत करत होतो. वह्या तपासणे, ताटे धुणे, लाकडे फोडणे ही कामेही आमचीच. तिथे बारावीच्या अखेरीस 'एरेत्शेगी' नावाची परीक्षा असते. हंगेरियन भाषा, गणित, इतिहास, एक परकी भाषा आणि आपल्या पसंतीचा एक विषय. रोमानी भाषेतही परीक्षा देता येते. हा दाखला हाती असला तर पुढचे शिक्षण आणि बरी नोकरी मिळू शकते. तो नसेल तर रस्ता झाडायचे जाकीट.

या वर्गात सोळा वर्षांच्या मुलांशेजारी पंचवीस-तीस वर्षांच्या आयाही बसत. त्यांतली एक दोन मुलांची आई होती. लहानपणी तिला मतिमंद मुलांच्या शाळेत घातले होते. तिच्या बुद्धीत काहीही उणे नव्हते. हंगेरीत अनेक रोमा मुलांच्या बाबतीत हेच घडत आले. २९ जानेवारी २०१३ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने अशाच दोन रोमा तरुणांच्या खटल्यात हंगेरी सरकारला दोषी ठरवले. आमच्या शिक्षिकेने या आईला अपूर्णांक शिकवायला घेतले. एक वॉकॉरो आणली, तिचे आठ तुकडे केले. तीन तुकडे बाजूला ठेवले, मग त्यांत दोन मिळवले. तिने भराभर पाच गणिते सोडवली आणि पेन खाली ठेवून विचारले, "हे एवढेच होते? मग मला हे तेव्हा का शिकवले नाही?"

आम्ही तिला सांगितले, आमच्या बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसवत. ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणून तर भिंतीवर त्यांचा फोटो आहे."

८ एप्रिल आणि १४ एप्रिल

१९७१ साली ८ एप्रिलला लंडनजवळ जगभरच्या रोमांची पहिली परिषद भरली. तिथे त्यांनी आपला ध्वज ठरवला. वर आकाशाचा निळा, खाली धरतीचा हिरवा आणि मधे सोळा आऱ्यांचे लाल चक्र. त्या परिषदेची आठवण म्हणून ८ एप्रिल हा रोमा दिन. त्यानंतर सहाच दिवसांनी भीमजयंती येते. शाळेत हा सगळा आठवडा सणासारखा गेला. मुलांनी आमच्या तिरंग्यावरच्या चक्राचे आरे मोजले. चोवीस. "आमचे सोळा, तुमचे चोवीस," एक मुलगा म्हणाला, "गाडी एकच."

जयंतीला सकाळी मेणबत्त्या लागल्या, पालीतून त्रिसरण-पंचशील झाले. आमच्या काकांचा आवाज भरून आला म्हणून मधेच थांबला, तेव्हा मुलांनी पुढची ओळ उचलली. जेवणाला आम्ही वरण-भात केला. तुरीची डाळ नव्हती, तिथे मिळणारी पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवली. मिरचीऐवजी त्यांची लाल पाप्रिका. पातेले पुसून निघाले.

आठवड्याने ईस्टरचा सोमवार आला. त्या दिवशी मुलगे मुलींवर पाणी शिंपडतात आणि मुली त्यांना रंगवलेली अंडी देतात. आमच्या दोघी शिक्षिकांना ही रीत कोणी आधी सांगितली नव्हती. निळ्या पंपाजवळ दोघी चिंब झाल्या. कॉलेजातला मुलगा ओरडला, "आपली रंगपंचमीच की!" आणि त्याने कॅमेरा सरसावला.

दुकानाच्या काचेतला फोटो

आता त्या मुक्कामातली मुख्य गोष्ट. हंगेरीत अशी पद्धत आहे की शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाचा एक मोठा फलक तयार होतो. वर शिक्षकांचे फोटो, खाली विद्यार्थ्यांचे, प्रत्येकाखाली नाव. याला 'ताब्लो' म्हणतात. वसंत ऋतूत हे ताब्लो शहरातल्या दुकानांच्या दर्शनी काचेत लावले जातात. बाजाराला आलेली माणसे थांबून पाहतात, अमक्याचा नातू, तमक्याची मुलगी म्हणून ओळखतात. ज्या घरात आजवर कोणी शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचले नव्हते, त्या घराचे नाव या काचेत कधी आलेच नव्हते.

आमच्याकडे कॅमेरा आहे म्हटल्यावर मुलांनी ते काम आमच्यावर सोपवले. दोन दिवस वर्गाच्या एका भिंतीला पांढरी चादर लावली होती. पांढरे शर्ट मोजकेच होते. एकाचा फोटो झाला की शर्ट उतरवून दुसऱ्याला द्यायचा. बाह्या लांब झाल्या तर मागे टाचण्या. ती दोन मुलांची आई आली तेव्हा हसेचना. कितीदा सांगितले तरी ओठ घट्ट. मग तिची धाकटी मुलगी कॅमेऱ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने आईला वाकुल्या दाखवल्या. तो फोटो ताब्लोवर लागला. शिक्षकांच्या रांगेत मधोमध बाबासाहेबांचा फोटो ठेवायचा, हे मुलांनी एकमताने ठरवले.

फलक तयार झाला आणि प्रश्न उभा राहिला, लावायचा कुठे? मुले आणि आम्ही तो चादरीत गुंडाळून जवळच्या शहरात गेलो. पहिल्या दुकानदाराने काचेत जागा नाही असे सांगितले. त्याच्या काचेत निम्मी जागा मोकळी होती. दुसऱ्याने फलक उलगडून पाहिला, चेहरे पाहिले, आणि मालक बाहेरगावी गेल्याचे कारण दिले. तिसऱ्या ठिकाणी एक मुलगा म्हणाला, "चला परत, शाळेतच लावू." तेव्हा ती आई म्हणाली, "शाळेत आपण रोजच आपल्याला पाहतो." ती एकटीच पुढे होऊन एका पावाच्या दुकानात शिरली. आतली म्हातारी बाई बराच वेळ फलक पाहत राहिली. मधल्या फोटोवर बोट ठेवून तिने विचारले, "हे तुमचे हेडमास्तर का?" मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकदम म्हणाली, "हो!" तिने पावाच्या टोपल्या बाजूला सारल्या आणि ताब्लो काचेत उभा केला.

त्या संध्याकाळी वस्तीतली निम्मी माणसे बसने शहरात जाऊन तो बघून आली. पंपावरची नेनीही गेली होती. तिची नात तिसऱ्या रांगेत होती. शहरातले पाव घ्यायला आलेले लोक काचेपाशी थांबत होते. कोणी कुरकुरले असेल, कोणी कौतुकही केले असेल. पण नावे वाचत होते. परीक्षा संपेपर्यंत फलक तिथेच राहिला.

शिदोरी

मेच्या सुरुवातीला, परीक्षेच्या आधी, निरोपाचा समारंभ झाला. मुले एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, गाणी म्हणत सगळ्या वर्गांतून फिरतात. प्रत्येकाच्या खांद्याला एक छोटी झोळी. तिच्यात मीठ, एक नाणे, चिमूटभर माती आणि 'पोगाचा' नावाची छोटी खारी भाकरी. वाटेसाठी शिदोरी. आपल्याकडे लेक सासरी निघाली की ओटीत जे घालतात, त्याचीच आठवण झाली. काकांनी प्रत्येक झोळीत दीक्षाभूमीहून आणलेले पिंपळाचे एक वाळलेले पान घातले.

पहिला पेपर मातृभाषेचा होता. केंद्रापर्यंत मुलांबरोबर आम्हीही गेलो. त्या फोटोत फक्त पाठी दिसतात, फाटकातून आत जाणाऱ्या.

आम्ही परतल्यावर उन्हाळ्यात पत्र आले. काही मुले उत्तीर्ण झाली होती, काहींचे विषय राहिले होते. त्या आईचे गणित निघाले होते, राहिला होता इतिहास. तिने लिहिले होते की ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा असते, अभ्यास चालू आहे, आणि इतिहास राहिला याचे तिला हसूच येते. पुढे हिवाळ्यात तिचे दोन ओळींचे पत्र आले. तोही निघाला होता.

२०१६ साली १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या वर्षात, हंगेरीतल्या त्यांच्या नावाच्या शाळेत त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. ती बातमी आपल्याकडेही छापून आली. पुतळ्याचा आम्हाला आनंद झालाच. पण विहारात फोटो दाखवताना आम्ही शेवटी दाखवतो तो पावाच्या दुकानातला ताब्लो.

निघताना आम्ही मुलांना विचारले होते, भारतातून तुम्हाला काय पाठवू? पुस्तके, कपडे, वर्गणी, काहीही सांगा. त्यांनी आपसांत बोलून उत्तर दिले. तुमच्या मुलांचे फोटो पाठवा, पण शिकतानाचे. आम्ही आमच्या विहारातल्या अभ्यासिकेचा फोटो पाठवला. त्या दिवशी अभ्यासिकेत अकरा मुले होती आणि खुर्च्या तीस. वाचकहो, आपल्या विहारात दहावी-बारावीच्या मुलांसाठी रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालू असतो? आणि दिव्याखाली किती मुले बसलेली असतात? शायोकाझाच्या मुलांना दाखवण्याजोगा फोटो प्रत्येक वस्तीतून निघायला हवा. या वर्षावासात एवढे काम आपण प्रत्येकाने अंगावर घ्यावे, ही विनंती.

जय भीम!